तळाचा गाळ



इंदिरानगराच्या आग्नेयेस असलेल्या बेळ्ळंदूर तलावावरचा फेस आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथे लागलेली आग आपणां सर्वांना ठाऊक आहे. तळाच्या गाळाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

निरोगी तलावाच्या गाळातील जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने पालापाचोळ्याचे विघटन करतात. सांडपाण्याबरोबर नायट्रोजन व फॉस्फरस येऊ लागले, की शेवाळ आणि जलपर्णी माजतात व मरून तळाशी बसतात. त्यांचे विघटन करताना प्राणवायू संपतो. मग प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते. मिथेन आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरसही सुटून पुन्हा पाण्यात मिसळतो. म्हणूनच सांडपाणी आज थांबवले, तरी जुना गाळ शेवाळाला कित्येक वर्षे खाद्य पुरवीत राहतो.

तलाव वरून स्वच्छ करणे पुरेसे नाही. सांडपाणी शुद्ध करूनच सोडले पाहिजे आणि साचलेला गाळही काढला पाहिजे. आपल्या मोरीतले पाणी कोठे जाते, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने आज घरी विचारावा. हीरकमहोत्सवी वर्षात शाळेने तुम्हांला दिलेला हा स्वाध्याय समजा.