वरचे पैसे कोणाचे?

श्रोतेहो, दुकानात साडेबावीस रुपयांचा माल घेतला आणि पंचवीस रुपये पुढे केले, की दुकानदार दोन रुपये परत देतो. वरच्या आठाण्यांसाठी बरणीत हात घालून एक गोळी आपल्या हातावर ठेवतो. गोळी गोड असते, म्हणून आपणही बोलत नाही. पण तीच गोळी उद्या तुम्ही आठाणे म्हणून त्याला देऊन पाहा बरे! घेईल का तो?

आजचे बोलणे ह्या वरच्या पैशांबद्दल आहे. लहान नाणी व्यवहारातून जातात, तेव्हा हिशेबाचे शेपूट कुठेतरी तोडावे लागते. ते कुठे तोडायचे आणि कोणाच्या पदरात टाकायचे, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांना 1957 साल विचारा. तोवर आपला रुपया सोळा आण्यांचा होता. आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. (पुढे 1964 साली त्यातला ‘नवे’ हा शब्द गेला आणि नुसते पैसे राहिले.) अधेलीचे पन्नास, पावलीचे पंचवीस, इथवर सगळे सरळ. पण एका आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहाचे नाणे कुठून आणायचे? म्हणून सरकारने कोष्टक करून दिले. सर्वांत जवळचा नवा पैसा धरावा, अर्धा किंवा त्याहून कमी उरला तर सोडून द्यावा. त्या हिशेबाने आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे झाले.

जुना एक पैसा म्हणजे दीड नव्या पैशाहून किंचित जास्त. कोष्टकात तो झाला दोन. आता असे पाहा. एक आण्याची वस्तू एकदम घेणाऱ्याने सहा नवे पैसे दिले. तीच वस्तू पैशा-पैशाने चार वेळा घेणाऱ्याने दिले आठ. रुपयाचे चौसष्ट जुने पैसे असे एकेक करून खर्च केले, तर 128 नवे पैसे मोजावे लागतील! कोष्टकात लबाडी नव्हती, नियम अगदी सरळ होता. तरी ज्याची ऐपत पैशा-पैशाने घेण्याची, त्याच्यावरच भार पडला. हा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण तो आजही तसाच आहे.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. महागाई वाढत गेली आणि षटकोनी तीन पैसे, चौकोनी पाच पैसे ह्यांत घ्यायला काही मिळेना. नाण्यातल्या धातूची किंमत छापलेल्या किमतीच्या वर गेली, की टाकसाळीला ते परवडत नाही. लोकही ते फडताळात टाकून विसरतात. शेवटी 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी कायद्याने चलनातून गेली. चाराणे बोलण्यात राहिले, खिशातून गेले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण मला दिसत नाही. ज्या नाण्याला दुकानात काही मिळत नाही, ते पाडत बसण्यात कोणाचे भले?

पन्नास पैशांचे नाणे मात्र कायद्याने बंद झालेले नाही, हे मुद्दाम सांगतो. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम ह्या नाण्यांत देता येते, म्हणजे एका वेळी वीस नाणी. ‘आता हे चालत नाही हो’ असे कोणी म्हणाले, तर ती त्याची मर्जी झाली, कायदा नव्हे.

बरे, नाणीच हाताशी नसतील तर हिशेब पूर्ण रुपयात करणे आले. त्याच्या तीन तऱ्हा आहेत. जवळच्या रुपयाला जायचे, नेहमी खाली उतरायचे किंवा नेहमी वर चढायचे. शिक्षक बंधुभगिनींनी हे फळ्यावर करून दाखवावे. चार बिले घ्या : 23.40, 47.80, 12.60 आणि 68.20. खरी बेरीज 152 रुपये. प्रत्येक बिल जवळच्या रुपयाला नेले, तर 23, 48, 13, 68 मिळून बरोबर 152. नेहमी खाली उतरलात तर 150, नेहमी वर चढलात तर 154. दर वेळी बेरीज अशी तंतोतंत जुळेल असे नाही, पण पहिल्या तऱ्हेत चूक कधी इकडे पडते, कधी तिकडे. पुढच्या दोन्हींत ती एकाच बाजूला साठत जाते. वस्तू व सेवा कर 2017 साली लागू झाला, त्याच्या कायद्यातही कराच्या रकमेला पहिलीच तऱ्हा लावली आहे. पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे.

आता गावातल्या दूध संस्थेकडे चला. समजा दर लिटरला 34 रुपये 70 पैसे आहे आणि सकाळी तुम्ही 4.3 लिटर दूध घातले. झाले 149 रुपये 21 पैसे. वरचे 21 पैसे सोडले तर कोण भांडायला जाणार? पण सकाळ-संध्याकाळ मिळून दहा दिवसांच्या पावत्या वीस. प्रत्येक पावतीवरचे सुटे पैसे खालीच सोडले, तर सरासरी अर्धा रुपया धरून एका बिलामागे दहा रुपये गेले. वर्षाची बिले छत्तीस, म्हणजे 360 रुपये. दोनशे सभासद असले तर 72,000! मी कोणत्याही संस्थेवर आरोप करीत नाही, पुष्कळ ठिकाणी पावतीवर पैसे पुरते लिहिले जातात. पण तुमच्या पावतीवर काय आहे, ते तुम्ही पाहिले आहे का?

किराणा दुकानातही हेच. पन्नास रुपये किलोचा जिन्नस पाव किलो घेतला तर साडेबारा रुपये होतात, दुकानदार तेरा घेतो. चार वेळा घेतला की किलोला बावन्न पडले. एकदम किलो नेणारा पन्नासच देतो. 1957 सालचा पैशा-पैशाने घेणारा गिऱ्हाईक आठवला ना? तोच हा.

ह्यावर उपाय आहे. कॅनडा देशाने 4 फेब्रुवारी 2013 पासून एक सेंटची नाणी बाजारात पाठवणे थांबवले. तिथे एकेका वस्तूची किंमत तशीच ठेवून, करासह सगळी बेरीज झाल्यावर एकदाच जवळच्या पाच सेंटला जायचे असे सांगितले गेले, तेही फक्त रोखीत. कार्डाने पैसे दिले तर सेंटपर्यंत अचूक. आपल्या एस.टी.नेही 2018 साली भाडी पाचच्या पटीत आणली, तेव्हा सातचे पाच आणि आठचे दहा असे दोन्ही बाजूंना जाण्याचे ठरवले होते. वाहक आणि उतारू ह्यांची सुट्ट्यांवरून होणारी हुज्जत ज्याने पाहिली आहे, त्याला ह्यातले मर्म कळेल.

तेव्हा दुकानात चार जिन्नस घ्याल तर दुकानदाराला म्हणा, ‘शेठ, आधी पैशांसकट बेरीज करा, मग काय ते रुपयात आणा.’ वही असेल तर रोजच्या ओळीला पैसे लिहायला लावा आणि महिनाअखेर एकदाच पूर्ण रुपया करा. मोबाईलवरून पैसे देत असाल तर साडेबारा म्हणजे साडेबाराच द्या, तिथे सुट्ट्यांची सबब चालत नाही. आणि दूध संस्थेची वार्षिक सभा होईल तेव्हा उठून सचिवांना एवढेच विचारा, की आमच्या पावतीवरचे पैसे रोज सुटतात, की बिलाच्या बेरजेत येतात?