हात तेवढे घे

गेल्या हिवाळ्यात एका कला महाविद्यालयातल्या मुलांचं प्रदर्शन पाहायला गेलो होतो. छायाचित्रं आणि हातकागद असा दुहेरी विषय. हातकागद म्हटलं की मला कागजीपुरा आठवतं. दौलताबादहून खुलताबादला जाताना लागणारं हे गाव. महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आपले पूर्वज आले, असं तिथले कागदी सांगतात.

पहिल्या दालनात सामाजिक विषय होते. भेगाळलेली जमीन, झाडाला टांगलेली दोरी, कचरा वेचणारं मूल. खोटं काहीच नव्हतं, पण सगळं आधी वर्तमानपत्रात पाहिलेलं. जाडाभरडा कागद, त्यावर फोटो डकवलेला. कागद दुकानातला असता तरी बिघडलं नसतं.

एका मुलीची आठ चित्रं मात्र कोपऱ्यात होती. तिची दादी फोटो काढू देत नाही. आमच्या जुन्या घरांत हे असायचंच. माझ्या अम्मीचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला, हजच्या पासपोर्टासाठी. त्यात ती घाबरलेली दिसते. ती तशी नव्हती, हे आता माझ्या नातवंडांना कसं पटवू?

तर, या मुलीने हट्ट धरला नाही. दादीच्या तीन विरलेल्या सुती साड्या तेवढ्या मागून घेतल्या. त्यांचे बोटभर तुकडे केले, धुण्याच्या सोड्यात उकळले, कुटून लगदा केला. तो हौदातल्या पाण्यात ढवळून जाळीच्या चौकटीवर उचलायचा, कापडावर पालथा घालायचा, दाबून वाळवायचा. हे पाहून दादीच म्हणाली, "चेहरा नको, हात तेवढे घे."

मग कागदाला लोहाच्या क्षारांचं द्रावण लावून, वर हातांची निगेटिव्ह ठेवून तो उन्हात धरला. पाण्यातून काढला की चित्र निळं उमटतं. याला सायनोटाइप म्हणतात. जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेली ही पद्धत. दादीने चाळीस वर्षं विड्या वळल्या. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. नखांच्या कडा झिजलेल्या, एक बोट कायमचं वाकडं. शेजारच्या पाटीवर 'कामगार' हा शब्दही नव्हता.

पहिले चार कागद फसले. सोडा नीट धुतला गेला नव्हता, आणि हा निळा रंग खारात टिकत नाही. हात जवळजवळ पुसून गेले. ते लावू नकोस, असं शिक्षकांनी सांगितलं होतं; तिने लावले. मला तेच अधिक भिडले. कागद स्वतःच बोलू शकतो, हे सोमनाथ होर यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं होतं. त्यांच्या 'जखमा' मालिकेत पांढऱ्या लगद्यावर नुसते पांढरे व्रण आहेत. माणूसही नाही, रक्तही नाही. या मुलीने त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. मी सांगितलं, तिने वहीत लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी दादी रिक्षाने आली. भिंतीवर 'हात लावू नये' अशी पाटी होती. तिने चष्मा पुसला, पहिला कागद दोन बोटांत धरून चाचपला आणि नातीला विचारलं, "ही हिरव्या काठाची ना?" मुलगी म्हणाली, "नाही दादी, ती पुढची." मग दोघी पुढच्या चित्राकडे गेल्या.