गच्चीवरची छत्री आणि घरातील संगणक

छपरावर अँटेना उभारून आकाशातून चित्र उतरवून घेणे ही गोष्ट रायपूर शहराला व त्याच्या आसपासच्या खेड्यांना मुळीच नवी नाही. किंबहुना या बाबतीत मुंबई-पुण्याच्या पुष्कळशा घरांहून छत्तीसगडातील खेडी एका अर्थी पुढे होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने 'साइट' या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. त्यासाठी सहा राज्यांतील सुमारे २४०० खेडी निवडण्यात आली आणि त्या वेळच्या मध्य प्रदेशातील खेड्यांचा गट रायपूरच्याच परिसरातला होता. सुमारे ३ मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची थाळी गावात उभी राहिली, तिच्याजवळ दूरचित्रवाणीचा एक संच आला, आणि सकाळी शाळकरी मुले व संध्याकाळी शेतकरी त्याच्यापुढे जमू लागले. दिवसाकाठी कार्यक्रम चारच तासांचा, पण तो थेट उपग्रहाकडून येत असे. मधे मनोरा नाही, तार नाही, की केबलवाला नाही.

परंतु तो उपग्रह भारताचा नव्हता. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचा ए.टी.एस.-६ हा उपग्रह एका वर्षाच्या कराराने मिळाला होता. पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर, ३५ अंश पूर्व रेखांशावर, तो स्थिर केलेला होता. म्हणून रायपूरकडच्या त्या जाळीच्या थाळ्या पश्चिमेकडे, क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंश वर, तोंड करून बसलेल्या असत. वर्ष संपले, उपग्रह परत नेण्यात आला, आणि थाळ्यांना पाहावयास काही उरले नाही. गावकऱ्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. चित्र बंद पडले, कारण ते पाठविणारा दुसरा होता आणि त्याची मुदत संपली होती. प्रयोगाचा धागा अगदीच तुटू नये म्हणून १९७७ साली जी थोडी भूप्रक्षेपण केंद्रे उभारण्यात आली, त्यांत रायपूरचे केंद्र होते. तेव्हापासून शहरातील गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटेने दिसू लागले. वाऱ्याने दांडी फिरली की घरातील एकाने गच्चीवर जावयाचे, दुसऱ्याने खिडकीतून 'आले, आले, गेले' असे ओरडावयाचे, हा कवायतीचा प्रकार त्या पिढीच्या पक्का स्मरणात आहे.

पुढे १९९१च्या आखाती युद्धानंतर घरोघर केबल आली आणि ती दांडी गंजून गेली. केबलने सोय केली यात शंका नाही. परंतु केबलवाला तरी काय करतो? तो आपल्या गच्चीवर मोठ्या थाळ्या बसवितो, उपग्रहांकडून चित्र घेतो आणि तारेने गल्लीत वाटतो. ग्राहक जे पैसे देतो, त्यांतला एक भाग वाहिन्यांच्या मालकांचा आणि एक भाग या वाटपाचा असतो. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या पद्धतीने हा हिशेब उघड झाला. पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीसाठी जास्तीत जास्त १३० रुपये व वर कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे, अशी ती मांडणी होती. ती वाचून पुष्कळांना प्रथमच उमगले की ज्या निःशुल्क वाहिन्या आपण पाहतो, त्यांच्या चित्रासाठी नव्हे, तर त्या दारापर्यंत आणून देण्यासाठी आपण दरमहा पैसे मोजतो.

मग ती दारापर्यंत आणण्याचे काम घरच्या घरीच केले तर? रायपूरमध्ये या प्रश्नाला एक मराठी बाजूही आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून या भागात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. तात्यापाऱ्यासारख्या वस्तीत वा अन्यत्र राहणाऱ्या अशा घरात मुलांची शाळा हिंदीतून, बाजार छत्तीसगडीतून आणि मराठी केवळ स्वयंपाकघरात व देवघरात, अशी वाटणी झालेली असते. अशा घरी मराठी वाहिनी हे निव्वळ करमणुकीचे साधन नसते. आजीच्या बोलीखेरीज दुसरे मराठी नातवाच्या कानावर पडावयाचे ते तेथूनच.

आता साध्या अँटेनाने हे साधेल काय? दूरदर्शनने जुनी ॲनालॉग भूप्रक्षेपणे मोजकी ठिकाणे वगळून मार्च २०२२ पर्यंत बंद केली, त्यामुळे जुनी दांडी जुन्या संचाला जोडून हाती केवळ मुंग्या लागतील. २०१६ साली ज्या १६ शहरांत दूरदर्शनने अंकीय भूप्रक्षेपण सुरू केले, त्यांत रायपूर होते. त्यासाठी डी.व्ही.बी.-टी२ जातीचा ट्यूनर लागतो. अँटेना मात्र लहान पुरतो, कारण ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते व तिच्या निम्मी, म्हणजे हातभरही नसलेली, दांडी पुरी होते. पण या वाटेने येतात त्या दूरदर्शनच्याच मोजक्या वाहिन्या. मराठी घराची भूक त्यांवर भागणार नाही.

तेव्हा दृष्टी पुन्हा आकाशाकडेच वळवावी लागते. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने निःशुल्क उपग्रह-सेवा सुरू केली. तीच आज 'डी.डी. फ्री डिश' या नावाने चालते. तिला मासिक वर्गणी नाही. तिच्यावर सह्याद्री वाहिनी आहे, आणि खासगी वाहिन्याही आहेत. या वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, म्हणून त्यांची यादी बदलत राहते. ही सेवा आता जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. रायपूरच्या गच्चीवरून पाहता छत्रीचे तोंड दक्षिणेपासून सुमारे ३० अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६२ अंश वर असावे लागते. १९७५ सालच्या थाळ्या पश्चिमेला वाकून पाहत होत्या, आजच्या छत्रीची मान आग्नेयेकडे बरीच उंच असते, आणि वर जो आहे तो पाहुणा नव्हे. दक्षिण-पूर्वेला उंच इमारत वा आंब्याचे झाड नाही, एवढे पाहिले की छत्रीचे काम अर्ध्या दुपारचे आहे.

छत्रीला दूरदर्शनची पेटी जोडली की चित्र आलेच. येथवर संगणकाचे कारण नाही. संगणक हवा तो वेळेसाठी. मराठी नाटक दुपारी दोनला लागते आणि घरातील माणसे तेव्हा कचेरीत वा शाळेत असतात. छत्रीची तार एखाद्या ट्यूनर-कार्डाद्वारे घरच्या संगणकाला दिली, आणि २००२ साली सुरू झालेल्या 'मिथटीव्ही' किंवा 'टीव्हीहेडएंड' यांसारखी विनामूल्य प्रणाली त्यात बसविली, म्हणजे कार्यक्रमपत्रिका पाहून नेमलेल्या वेळी नोंद आपोआप होते. त्यात यंत्राला फार कष्ट नाहीत. चित्र आकाशातून येतानाच आकड्यांच्या रूपात येते. संगणक ते आकडे जसेच्या तसे तबकडीवर उतरवून ठेवतो. साध्या दर्जाची वाहिनी सेकंदाला ४० लक्ष बिटे पाठवीत असेल, तर तासाला १.८ गिगाबाइट भरतात, म्हणजे एका टेराबाइटच्या तबकडीत सुमारे ५५० तास मावतात. दररोज दोन तास नोंदले तरी तबकडी भरण्यास नऊ महिने लागतील. जुना, अडगळीत पडलेला संगणकही हे काम करतो.

हे केबलला जोडून का होत नाही, असे कोणी विचारील. केबलचे चित्र सांकेतिक केलेले असते. ती गाठ वाटपदाराच्या पेटीतच सुटते आणि पेटी त्याच्या हुकमतीत असते. फ्री डिशवरही काही वाहिन्या तशा बंद असतील, तर त्या या उपायाने उघडणार नाहीत. उघड्या असतील त्यांच्या बाबतीत मात्र कायद्याची अडचण नाही. कॉपीराइट कायद्याच्या ३९व्या कलमाने स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रसारणाची नोंद करण्यास मुभा दिली आहे. ती नोंद गल्लीत वाटणे वा विकणे हा प्रकार निराळा, आणि तो करू नये.

क्रिकेटच्या बाबतीत अँटेनावाल्याची बाजू चक्क वरचढ ठरली आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र प्रसार भारतीला द्यावे असा कायदा २००७ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा निर्णय दिला की, ते चित्र दूरदर्शनच्या भूप्रक्षेपणावर व त्याच्याच निःशुल्क उपग्रह-सेवेवर दाखवावे, केबलवरील दूरदर्शनच्या वाहिनीवर नव्हे. ज्याच्या घरी पैसे देऊन केबल आहे त्याला त्या वाहिनीवर तो सामना दिसत नाही, आणि शेजारच्या छत्रीवाल्याला फुकट दिसतो, अशी ही गंमत आहे.

अडचणी नाहीत असे मात्र नाही. ज्या सशुल्क वाहिनीवरील मालिकेवाचून घरातील कोणाचे चालत नाही, ती छत्रीवर येत नसेल तर सारा हिशेब फुकट. या लहरी पावसाने मंदावतात. रायपूरचा जोरदार वळीव आला की चित्र काही मिनिटे जाते, आणि नेमकी तेव्हाची नोंद तुटते. विजांच्या दिवसांत छत्रीचा खांब व तार जमिनीशी नीट जोडलेली हवीत. हा खर्च टाळणारे लोक नंतर ट्यूनर आणि संगणक दोन्ही गमावतात. तबकडीही अमर नसते, तेव्हा जपावयाचे असेल त्याची प्रत दुसरीकडे ठेवावी. आणि घरातील वृद्धांचा विचार प्रथम व्हावा. ज्यांना दूरनियंत्रकाची दोनच बटणे ठाऊक, त्यांच्यापुढे कळफलक मांडणे हा जुलूम होय. त्यांच्यासाठी साधी पेटी वेगळी ठेवावी, संगणकाने आपले काम मागे करीत राहावे. एक महिना दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवाव्यात, कोण कोणत्या दिवशी काय पाहतो याची कागदावर नोंद ठेवावी, आणि मगच केबलवाल्याला बोलावून तार काढण्यास सांगावे.