साहेब, गाऊ का?
(अभ्यासवर्गातल्या भाषणाचा मजकूर)



मला कवितेवर बोला म्हणून सांगितलं होतं. मी एका गाणाऱ्या बाईवर बोलणार आहे. मी मॅट्रिक, गोदीतला हमाल. व्हिएतनामी नावं जिभेला वळत नाहीत, तेव्हा उच्चार चुकले तर सांभाळून घ्या.

व्हिएतनाम म्हटलं की आपली छाती फुगते. भाताच्या खाचरातल्या माणसांनी जगातल्या सगळ्यात मोठ्या फौजेला धूळ चारली, १९७५ साली सायगाव घेतलं, हे ऐकत आपण वाढलो. गोदीत पोलादाच्या कॉइली उतरवताना एकीवर त्या देशाचं नाव दिसलं तर मी अंगठ्याने धूळ पुसून पुन्हा वाचलं होतं. मुकादम ओरडला, ते वेगळं. म्हणून आजचं बोलणं मला जड जातंय. पण ते आपलेच म्हणून गप्प बसायचं, हे मला जमत नाही.

बाईचं नाव माय खोय. जन्म १९८३, कॅम रानचा. कॅम रान म्हणजे खोल पाण्याचं बंदर. युद्धात अमेरिकेने तिथं भला मोठा तळ बांधला. ते गेले, तर १९७९ पासून रशियनांचं आरमार येऊन बसलं ते २००२ पर्यंत. अशा गावात बाप संगीत शिकवायचा आणि लग्नात बँड वाजवायचा. बाराव्या वर्षी पोरगी बापाच्या बँडमध्ये गायला लागली. लग्नातल्या बँडवाल्याची पत आपल्या वस्तीत कुणाला सांगायला नको. वरात तुमच्यावर नाचते आणि पंगतीत तुम्ही शेवटी. तिकडं काय रीत आहे मला माहीत नाही, पण ही पोरगी मला तिथंच जवळची वाटली.

पुढं ती हो ची मिन्ह शहरात आली, बारमध्ये गायली, स्वतः गाणी लिहिली. २०१० साली देशाच्याच नावाचं तिचं गाणं गाजलं आणि सरकारी टेलिव्हिजनने तिला बक्षीस दिलं. अर्धं डोकं भादरून स्टेजवर यायची. लोक तिला त्यांची लेडी गागा म्हणायचे. पैसा, नाव, पोस्टर, सगळं होतं. इथं थांबली असती तर मी आज तिच्यावर बोललो नसतो.

तिकडं जाहीर कार्यक्रम करायचा तर सांस्कृतिक खात्याचा परवाना लागतो. गाणी आधी दाखवायची, साहेबाने होय म्हटलं की गायची. २०१६ साली ही बाई म्हणाली, गाणं पास करणाऱ्यांच्या दारात उभं राहण्यापेक्षा मी कायदा करणाऱ्यांतच जाऊन बसते. आणि राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीला अपक्ष उभी राहिली. कागदावर तिथंही कुणालाही उभं राहता येतं. कागदावर! पण पितृभूमी आघाडी नावाची पक्षाचीच संघटना आहे, ती चाळण्या लावते. शंभराहून जास्त लोक स्वतःहून उभे राहिले होते. मतपत्रिकेवर ११ उरले, निवडून आले २. माय खोय चाळणीतच अडकली. मग तिच्या कार्यक्रमावर पोलीस आले, जाहीर गाणं बंद झालं.

आपल्यातलाच कुणी आता म्हणेल, बाई अमेरिकेची असणार. म्हणा. मे २०१६ मध्ये हनोईत ती ओबामाला भेटली, हे खरंच आहे. त्या बैठकीला बोलावलेल्या काही जणांना तर पोहोचूच दिलं नाही. पण पुढचंही ऐका. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रम्प हनोईत आला, तेव्हा हीच बाई रस्त्यावर उभी राहिली, हातात फलक, आणि त्यावर ट्रम्पवर मुतण्याची भाषा. त्याच दिवशी साध्या कपड्यातले पोलीस घरी आले आणि राहतं घर सोडावं लागलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला शिवी दिली म्हणून अमेरिकेला हरवणाऱ्या देशात घर गेलं! हे कुठल्या खात्यात मांडायचं, ते अभ्यासवर्गातल्या विद्वानांनी मला सांगावं.

मग तिने साथीदार जमवले. एक सॅक्सोफोनवाला, एक डोंगरी जमातींची वाद्यं वाजवणारा. बँडचं नाव ठेवलं बंडखोर मतवाले अशा अर्थाचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये परवाना न घेता इंटरनेटवर अल्बम सोडला, नाव ‘असहमती’. नुसतं रॉक म्हणून भागत नाही, मध्येच जाझ येतं, मध्येच ती गाणं सोडून किंचाळते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आवडलं नाही, खरं सांगतो. त्यातल्या एका गाण्यात ती पक्षाच्या वरच्या साहेबाला हात जोडते. साहेब, मला गाऊ द्या, बोलू द्या, असं मागणं. भाषा कळत नाही, पण तो सूर मला ओळखीचा निघाला. पाळीवर नाव लागावं म्हणून रोज सकाळी आपण तोच सूर लावतो. फरक एवढाच की ती मागता मागता साहेबाचं हसं करते. आपलं हसं आपल्यावरच उरतं. मागे एका सभागृहात आम्ही कविता वाचत होतो, तर मध्येच विचारणा झाली, परवानगी आहे का? होती. तरी आवाज खाली आणला आम्ही. मी पण.

त्याच मार्चमध्ये युरोपचा दौरा करून ती परतली, तर नोई बाय विमानतळावर आठ तास बसवून ठेवली आणि अल्बमच्या प्रती काढून घेतल्या. गाणं इंटरनेटवर मोकळं फिरतंय आणि हे पेटीतल्या चकत्या जप्त करतायत! त्या वर्षी तिला हावेलच्या नावाचं बक्षीस मिळालं. जूनमध्ये तिकडच्या सभेने सायबर कायदा केला. तिने फेसबुकलाही सोडलं नाही. सरकारच्या टोळ्या तक्रारी ठोकून लोकांची खाती बंद पाडतात आणि कंपनी बघत बसते, असं तिने जाहीर लिहिलं.

२०२० मध्ये ती अमेरिकेत पिट्सबर्गला गेली. तिथं तिने स्वतःच्या आयुष्यावर एकटीचा प्रयोग उभा केला. त्याचं नाव तिने ‘वाईट कार्यकर्ती’ ठेवलंय. आपल्याकडं जो तो स्वतःला सच्चा कार्यकर्ता म्हणवतो, आणि ही जप्ती, घर, देश एवढं सगळं होऊन स्वतःला वाईट म्हणते. मला ते नाव रात्रभर झोपू देत नव्हतं. बँड मागे, ऐकणारे मागे, ज्याला साहेब म्हणून हाक मारायची तोही मागे. तिथल्या थंडीत ती कुणासाठी गाते, मला माहीत नाही.

ते साहेबाचं गाणं माझ्या मोबाइलमध्ये आहे. आवाज जरा बारीक येतो, मागच्यांनी पुढं सरका. खिडकी उघडीच राहू द्या.