कपाटातले पुस्तक आणि ग्रंथपालाचा पगार



ग्रंथपालांच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून ग्रंथमहिमा सांगण्याची आपल्याकडे परंपरा आहे. तुम्ही तो रोज जगता, तेव्हा तुमच्यापुढे तो उगाळणार नाही. मला आज पैशाबद्दल बोलायचे आहे. पुस्तकांवरची बंदी आणि वाचकांमधली विषमता हे विषय या अधिवेशनात वेगवेगळ्या परिसंवादांत ठेवले आहेत. माझ्या मते त्या दोन्हींची वाट अनुदानाच्या आकड्यावरून जाते.

आपला सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967चा. लोकांनी वाचनालय काढायचे, सरकारने त्याला मान्यता आणि अनुदान द्यायचे, ही त्याची मांडणी. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850चे. लोकांनी वाचनालये काढण्याची रीत आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधीची आहे आणि कायद्याने तिचा मान राखला. म्हणूनच राज्यात आज बारा हजारांच्या आसपास ग्रंथालये आहेत. पण शेजाऱ्यांनी केले ते आपण केले नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या प्रयत्नातून आलेल्या 1948च्या मद्रास कायद्याने घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेण्याची सोय केली. पुढे आंध्र, कर्नाटक आणि केरळनेही ती केली. गोळा झालेला उपकर नगरपालिका वेळेवर वळता करत नाहीत, ही तक्रार तिथेही आहे. तरी त्या पैशावर कायद्याने ग्रंथालयाचे नाव लिहिलेले असते. आपल्याकडे दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दारात उभे राहावे लागते.

त्या दारातून काय मिळते, ते या सभागृहाला ठाऊक आहे. तरीही इतिवृत्तात जावे म्हणून सांगतो. ड वर्गाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, ग्रंथालयाला 2012 पासून वर्षाला 30,000 रुपये मिळत होते. पुढची वाढ व्हायला 2023 उजाडले. साठ टक्के वाढ झाली आणि रक्कम 48,000 झाली. अनुदानातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे 24,000. बारा महिन्यांनी भागले की महिन्याला दोन हजार उरतात. एवढ्यात एक माणूस सकाळ-संध्याकाळ दार उघडतो, झाडलोट करतो, वर्तमानपत्रे लावतो, देवघेव लिहितो, दाखलनोंद वही सांभाळतो आणि तपासणी आली की उत्तरे देतो. शासनाने केलेल्या ग्रंथालयांच्या 2012च्या पडताळणीनंतर दहा-अकरा वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता नव्हती आणि वर्गबदलही थांबलेला होता. वाचक वाढवले, पुस्तके वाढवली, देणग्या मिळवून इमारत बांधली, तरी ड वर्गातले ग्रंथालय ड वर्गातच राहिले. एका अख्ख्या पिढीच्या उमेदीवर त्याचा परिणाम झाला. आपले कितीतरी चांगले कार्यकर्ते या काळात दुसऱ्या कामाला लागले, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

आता हा दोन हजारांचा माणूस बंदीच्या प्रश्नासमोर उभा करून पाहा.

5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून आला. निमित्त होते जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे. संस्थेने ते पुस्तक लिहिले नव्हते, छापलेही नव्हते. काही अभ्यासकांनी लेखकाला मदत केली होती आणि प्रस्तावनेत त्यांचे आभार मानलेले होते, एवढाच संबंध. हल्ल्यात नासधूस मात्र जपून ठेवलेल्या ग्रंथ-पोथ्यांची झाली. पुस्तकातल्या मजकुराबद्दल राग असणाऱ्यांचा राग खरा असू शकतो, आणि त्यावर लेखाने, सभेत, न्यायालयात उत्तर देता येते. शासनाने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तो निर्णय कायम केला. कायद्याने वाट मोकळी झाली. पण न्यायालयाचा निकाल हातात घेऊन एखाद्या तालुक्याच्या गावी जमावापुढे उभे राहायचे कोणी? दोन हजार रुपयांवर काम करणाऱ्या, सेवाशर्ती नसलेल्या, ज्याच्या पाठीशी कार्यकारिणी राहील की नाही याचीही खात्री नाही, अशा माणसाने? त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करताना आपण त्याला काय दिले, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. म्हणून मी म्हणतो, ग्रंथपालाचा पगार हा वाचकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. वेतनश्रेणीची मागणी आपण कामगारांची मागणी म्हणून करतो, ते योग्यच आहे. यापुढे ती वाचकांच्या वतीनेही करू या.

एका वेगळ्या प्रसंगाचीही आठवण ठेवली पाहिजे. शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचा चौथा खंड 1987 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून वादळ उठले. परिशिष्ट वगळण्याच्या हालचाली झाल्या. त्याविरुद्ध 1988च्या फेब्रुवारीत मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिले आणि या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा आशयाची टीप त्याला जोडली गेली. मला हा तोडगा फार मोलाचा वाटतो. असहमती नोंदवायची आणि मजकूर वाचकाच्या हाती राहू द्यायचा, हे आपल्याच राज्याने एकदा करून दाखवले आहे. डिसेंबर 2022 मध्ये मात्र कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला शासनाचा पुरस्कार काही दिवसांत रद्द झाला आणि निवड समितीही बरखास्त झाली. त्या पुस्तकावर बंदी नव्हती. पण अशा निर्णयाचा निरोप गावच्या ग्रंथनिवड समितीपर्यंत बरोबर पोचतो: नको ते, कटकट होईल.

ही ‘कटकट’ कोणत्याही वहीत नोंदली जात नाही. पुस्तक घेतलेच नाही, तर ते काढून टाकल्याची बातमीही होत नाही. त्यात आपला स्वतःचा वाटा आहे, आणि तो आपल्याच व्यासपीठावरून बोलला पाहिजे. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. मग जास्तीत जास्त कमिशन देणारा विक्रेता जो गठ्ठा आणून टाकेल तो दाखल होतो. तीच ती चरित्रे, तीच ती व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके, कोणी कधी न मागितलेली. दलित आत्मकथने, स्त्रियांचे लेखन, विज्ञान, नवी कविता यांसाठी पैसे उरत नाहीत. कपाट भरलेले दिसते, तपासणी अधिकारी समाधानाने सही करतात, आणि वाचकाने मागितलेले पुस्तक मात्र वर्षानुवर्षे येत नाही. कोणाचीही धमकी नसताना इतकी पुस्तके वाचकापासून दूर राहतात, याचे मला जमावाइतकेच वाईट वाटते.

समतेच्या बाबतीत आपल्यापुढे एक मराठी माणसाचाच दाखला आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्याला आणले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. स्त्रियांसाठी, मुलांसाठी स्वतंत्र विभाग काढले. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. शंभर वर्षे उलटून गेली. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्यांच्या आसपास कोप्यांमध्ये राहतात. त्यांच्या मुलांचे नाव गावच्या वाचनालयात असले, तरी त्या महिन्यांत हातात पुस्तक येण्याची वाट नसते. कारखान्याच्या तळावर पन्नास पुस्तकांची पेटी ठेवायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. पेटी देणारे ग्रंथालय आणि ती सांभाळणारा माणूस लागतो, आणि पुन्हा आपण पैशापाशी येतो.

अनामत रक्कम आणि रहिवासाचा पुरावा या दोन अटींनी आपण किती माणसे दारातून परत पाठवतो, हे प्रत्येकाने आपल्या गावी जाऊन पाहावे. दृष्टिहीन वाचकांचेही तसेच. त्यांच्यासाठी पुस्तके सुलभ स्वरूपात आणण्याची मुभा आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 पासून आहे, आणि अशा पुस्तकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता, 2014 मध्ये. आपल्या किती ग्रंथालयांत असे एक तरी मराठी पुस्तक ऐकायला मिळते?

एका गोष्टीत माझे मत अनेक ज्येष्ठांपेक्षा वेगळे आहे. स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी वाचनालयाची अभ्यासिका केली, कादंबरी वाचणारे गेले, अशी तक्रार मी सगळीकडे ऐकतो. घरात एका खोलीत सहा माणसे आणि खासगी अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे परवडत नाहीत, असा मुलगा किंवा मुलगी आपल्या टेबलापाशी पहाटेपासून बसते. तिला दिवा, पंखा, पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह देणे हे ग्रंथालयाचेच काम आहे. ती मुलगी आपली वाचक आहे. तिच्या हाती परीक्षेबाहेरचे पुस्तक द्यायचे असेल, तर तिचे नाव आणि तिची परीक्षा माहीत असणारा ग्रंथपाल तिथे टिकला पाहिजे.

दुपारच्या खुल्या सत्रात ठराव येतील. अनुदानवाढीचा ठराव दरवर्षी येतो. यंदा त्यात घरपट्टीवरील ग्रंथालय उपकराची मागणी नावानिशी घाला आणि उपकराचा पैसा थेट ग्रंथालय निधीत जमा व्हावा, हेही लिहा. ग्रंथपालाच्या किमान वेतनाचा आकडा ठरावातच असू द्या, ‘पुरेसे’ असा शब्द नको. आणि एक ठराव सरकारसाठी नसून आपल्यासाठी करू या. प्रत्येक ग्रंथालयाने पुस्तक निवडीचे धोरण लेखी करावे. पुस्तकाबद्दल तक्रार आली, तर ती लेखी घ्यावी, समितीने ते पुस्तक पूर्ण वाचावे, आणि निर्णय होईपर्यंत ते देवघेवीत राहावे. तक्रारदाराला उत्तर कार्यकारिणीच्या अध्यक्षांच्या सहीने जावे. ग्रंथपालाला एकटे पुढे करू नये. या ठरावाचा मसुदा मी आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत तो वाचा, खाडाखोड करा, आणि आपापल्या जिल्ह्याच्या सह्या घेऊनच सत्राला या.