गाडीच्या दारावरचा पहारेकरी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात विसरवाडी येथे दिलेले भाषण)



आपल्या गावाचा आणि मोटारीचा संबंध जुना आहे. सुरत-धुळे महामार्ग येथूनच जातो, नंदुरबारचा रस्ता येथेच फुटतो, आणि कोंडाईबारीच्या घाटात दमलेल्या गाड्या आपल्याच गॅरेजांच्या दारात येऊन उभ्या राहतात. त्या गॅरेजांत पान्हे उचलणारी कितीतरी मुले आपल्या घरांतली आहेत. मीही त्यांतलाच. माझे उस्ताद इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कोणता सिलिंडर मार खातो ते सांगत. शिक्षणाच्या महत्त्वावर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत; मला जे कळते त्यावरच मी बोलणार आहे.

दोन वर्षांमागे पावसाळ्यात एक नवी मोटार आमच्याकडे आली. आजारी आईस घेऊन एक गृहस्थ सुरतेस निघाले होते. गाडी चालू होती, पण वेग घेईना. थ्रॉटल बॉडी निकामी झाली होती. ती आम्ही बदलली. आता नव्या भागाची ओळख गाडीच्या संगणकास करून द्यायची, एवढेच काम राहिले. स्कॅनर लावला. दोष कोणता ते त्याने वाचून दाखविले. पण दोष पुसा म्हटले की नकार, आणि नव्या भागाची नोंद घ्या म्हटले तरी नकार. आईस दुसऱ्या जीपने पाठवावे लागले, आणि गाडी क्रेनने शहरात गेली. तेथे ते काम पाव तासात झाले, असे त्या गृहस्थांनी मला नंतर सांगितले. माझ्या हाताला काय येत नव्हते? काहीच नाही. मला आत सोडणारा कोणी नव्हता, इतकेच.

हा नकार देणाऱ्यास 'सिक्युरिटी गेटवे' म्हणतात. आजच्या मोटारीत इंजिनाचा, ब्रेकचा, स्टिअरिंगचा असे निरनिराळे संगणक असतात. ते एकमेकांशी ज्या तारांवरून बोलतात ती 'कॅन' पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे आणली. त्या काळी गाडीत बाहेरचा कोणी शिरेल असे कोणाच्या मनात नव्हते, म्हणून तारेवर आलेला हुकूम कोणाचा, हे विचारण्याची सोयच त्या पद्धतीत ठेवली नाही. पुढे गाडीत रेडिओबरोबर मोबाईलचे जाळे आले, आणि २०१५ साली अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरी बसून हमरस्त्यावर धावणारी जीप चेरोकी निकामी करून दाखविली. चालक हतबल होऊन बसला होता. कंपनीस चौदा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या. त्यानंतर तिने २०१८ च्या नमुन्यांपासून आत शिरण्याच्या वाटेवर हा पहारेकरी बसविला. इतर कंपन्यांनीही आपापले पहारेकरी नेमले.

त्याची रीत अशी. दोष वाचायचा असेल तर तो बहुधा अडवीत नाही. पुसायचा असेल, एखादा भाग चालवून पाहायचा असेल किंवा ई.सी.एम.मध्ये नवा प्रोग्राम भरायचा असेल, तर तो एक कोडे टाकतो. त्याचे उत्तर कंपनीच्या संगणकाकडून इंटरनेटवर यावे लागते. उत्तर जुळले तर दार तेवढ्या कामापुरते उघडते. आपल्या भागात मोबाईलचे जाळे कधी असते, कधी नसते, ही आणखी एक अडचण.

यावर आमच्या एका पोराने उपाय शोधला. पहारेकऱ्यास वळसा घालणारी केबल मिळते, ती त्याने आणली. एका गाडीवर ती चालली. दुसऱ्या गाडीवर तो प्रोग्राम भरीत असता बॅटरी उतरली, काम अर्ध्यावर तुटले आणि ई.सी.एम. मेले. ते भरून देताना आमच्या गॅरेजची दोन महिन्यांची कमाई गेली. आता तर बऱ्याच गाड्यांत ई.सी.एम. स्वतःच प्रोग्रामवरील कंपनीची सही तपासते. तेथे केबल काय करणार?

मी कुलपाच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. माझी मुले ज्या गाडीत बसतील तिचे ब्रेक कोणी दुरून दाबावेत असे मला वाटत नाही. भांडण किल्लीचे आहे. युरोपात फियाट-क्रायस्लरने अट घातली होती की मेकॅनिकने नाव नोंदवावे, वर्गणी भरावी आणि कंपनीच्या संगणकाशी जोडून घ्यावे, तरच पूर्ण प्रवेश मिळेल. दोन दुरुस्ती कंपन्या न्यायालयात गेल्या. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात नसलेल्या अशा अटी कंपनीस घालता येणार नाहीत. सुरक्षितता राखावी, पण स्वतंत्र मेकॅनिकची वाट अडवून नव्हे.

आपल्याकडेही हा प्रश्न आला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना खुली करा, असा तो आदेश होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबले. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. मोटारगाड्या त्याच्या चार क्षेत्रांपैकी एक. महामार्गावरच्या किती गॅरेजवाल्यांनी ते उघडून पाहिले असेल? मीच उशिरा पाहिले.

म्हणून आम्ही काही गॅरेजवाल्यांनी वर्गणी काढायचे ठरविले आहे. एक चांगला स्कॅनर आणि प्रोग्राम भरताना बॅटरीचा दाब स्थिर ठेवणारे एक यंत्र, एवढे सर्वांत मिळून घ्यायचे. प्रत्येक कंपनीस लेखी विचारायचे की आमच्या गॅरेजची नोंदणी कशी होईल, आणि उत्तर जपून ठेवायचे. अडचण पुढेच आहे. स्कॅनर इंग्रजीत बोलतो. 'नाही' हे त्याचे उत्तर तारेच्या दोषामुळे आहे, जाळ्यामुळे आहे की पहारेकऱ्यामुळे, हे वाचून कळले पाहिजे. माझ्या उस्तादांचे कान माझ्याकडे थोडेफार आले, पण ही वाचण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती आणि मला ती चाळिशीनंतर शिकावी लागते आहे. दहावी झालेला, सर्किटचे चित्र पाहून न घाबरणारा मुलगा आम्हास हवा आहे. मुलगी असेल तरी चालेल, स्कॅनर उचलायला बळ लागत नाही.

येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या शेडमध्ये एक गाडी उघडून ठेवीन. ज्यांना यायचे असेल त्यांनी वही आणावी.