जिहाद : अंतरीचा संग्राम आणि स्वसंरक्षणाची मर्यादा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर भीषण हल्ला झाला. त्यात ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांचे मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानची व्यवस्था पाहणाऱ्या मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने ते दफनासाठी स्वीकारण्यास स्पष्ट नकार दिला. निरपराधांचे रक्त सांडणाऱ्यांना इस्लामचे अनुयायी मानता येणार नाही, ही त्यामागील भूमिका होती. अखेर जानेवारी २०१० मध्ये शासनाने गुप्तपणे दफनविधी उरकला. मृताला माती देणे हे इस्लाममध्ये संपूर्ण समाजावरील कर्तव्य मानले जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या नकाराचे गांभीर्य कळते.

हल्लेखोर 'जिहाद'चे नाव घेऊन आले होते. नकार देणाऱ्यांनीही आपल्या धर्माचेच नाव घेतले. मग धर्माचा खरा आधार कोणाच्या बाजूला? पौड-पिरंगुटच्या बाजारपेठेत ज्यांचा मुस्लिम शेजाऱ्यांशी नित्य देवघेवीचा संबंध येतो, त्यांना तरी हा प्रश्न टाळता येणार नाही. वर्तमानपत्राच्या मथळ्यावरून शेजाऱ्याची पारख करणे म्हणजे ताग्यावरची चिठ्ठी वाचून कापडाचा भाव ठरवण्यासारखे आहे. सूत हाताळून पाहावे लागते.

'जिहाद' या अरबी शब्दाचा धातुगत अर्थ पराकाष्ठेचा प्रयत्न असा आहे. युद्धासाठी कुराणात 'किताल' हा स्वतंत्र शब्द येतो. हजरत महंमद पैगंबरांना इ. स. ६१० च्या सुमारास साक्षात्कार झाला आणि ६२२ मध्ये त्यांनी मक्का सोडली. मधल्या सुमारे १३ वर्षांत त्यांच्या अनुयायांचा छळ झाला, त्यांच्यावर बहिष्कार पडला, परंतु शस्त्राने प्रतिकार करण्याची त्यांना अनुज्ञा नव्हती. विशेष म्हणजे 'मोठा जिहाद' हा शब्दप्रयोग कुराणाच्या ज्या २५ व्या अध्यायात येतो, तो याच मक्केतील काळातला आहे. हाती तलवार नसताना केवळ धर्मवचनाच्या बळावर करावयाचा तो प्रयत्न होय. पुढे युद्धाचा काळ आल्यावरही जिहादला जाण्याची परवानगी मागणाऱ्या एका तरुणाला पैगंबरांनी माता-पिता हयात आहेत काय असे विचारले आणि त्यांच्या सेवेतच तुझा जिहाद आहे म्हणून परत पाठवले, अशी कथा हदीसच्या प्रमाणग्रंथांत आहे.

युद्धाहून परतताना आता लहान जिहादकडून मोठ्या जिहादकडे जाऊ या, असे पैगंबर म्हणाल्याचे वचन व्याख्यानांतून वारंवार सांगितले जाते. हदीसशास्त्राचे जाणकार मात्र त्याची परंपरा दुर्बल मानतात. तेव्हा त्यावर फार भार देऊ नये. जो स्वतःच्या 'नफ्स'शी झुंजतो तोच खरा झुंजणारा, या आशयाचे तिर्मिझींच्या संग्रहातील वचन अधिक भक्कम आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

'नफ्स' म्हणजे जीवाची वासनामय प्रवृत्ती. कुराणात तिच्या तीन अवस्था आढळतात : दुष्कृत्याकडे ओढणारी, स्वतःलाच दोष देणारी आणि शांत, समाधान पावलेली. बहिरात्मा, अंतरात्मा आणि परमात्मा ही आपल्याकडील त्रयी येथे सहज आठवते. दोन्ही तंतोतंत जुळतात असे नव्हे. ईश्वराला शरण जाणारा जीव आणि स्वपुरुषार्थाने परमात्मपदास पोचणारा जीव यांत मोठे अंतर आहे. तथापि लढाई कोठे आहे, याविषयी दोहोंत मतभेद नाही. 'जिन' म्हणजे जिंकणारा. 'अरिहंत' पदातील अरी कोणी परकी सेना नव्हे, तर क्रोध, मान, माया, लोभ हे घरातलेच वैरी आहेत. उत्तराध्ययन सूत्रातील नमिराजर्षींचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. तट बांध, शत्रुराजांना नमव, मग दीक्षा घे, असे ब्राह्मणवेषातील इंद्र सुचवतो. नमिराजर्षी उत्तर देतात की, त्यांचे नगर श्रद्धेचे आहे, तट क्षमेचा आहे आणि सहस्रावधी योद्ध्यांवरील विजयापेक्षा स्वतःवरील विजय श्रेष्ठ आहे. हा संवाद एखाद्या सुफी साधकाच्या कानी पडला असता तर त्याला तो परका वाटला नसता.

व्यापारी मंडळींना अधिक रुचेल असा एक धागा येथे सांगण्याजोगा आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हारिस नावाचे एक थोर साधक होऊन गेले. ते 'मुहासिबी' या नावाने विख्यात झाले, कारण रोज स्वतःचा 'मुहासबा' घ्यावा ही त्यांची शिकवण होती. या शब्दाच्या मुळाशी 'हिसाब' आहे, आणि आपला 'हिशेब' तेथूनच आला. दिवसभरात वाणीने कोणाला दुखवले, मनात कोणता लोभ धरला, हे रात्री स्वतःच्या खात्यावर नावे टाकायचे. सायंकाळच्या प्रतिक्रमणात श्रावक दुसरे काय करतो? गल्ल्याचा हिशेब चुकला तर आपली झोप उडते, मात्र हा दुसरा हिशेब वर्षातून एकदा संवत्सरीला मिटवण्याकडेच बहुतेकांचा कल असतो, हे कबूल केले पाहिजे.

आता स्वसंरक्षणाचा भाग. मदिनेस स्थलांतर झाल्यानंतर शस्त्र उचलण्याची जी अनुज्ञा मिळाली, ती कुराणाच्या २२ व्या अध्यायात आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला, ज्यांना विनाकारण घराबाहेर काढले गेले, त्यांना ती आहे. तसा प्रतिकार झाला नसता तर मठ, गिरिजाघरे, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी उद्ध्वस्त झाल्या असत्या, असे कारणही तेथे दिले आहे. त्या यादीत इतरांची उपासनास्थळे आधी आणि मशीद शेवटी येते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुसऱ्या अध्यायात, जे लढतात त्यांच्याशीच लढावे आणि मर्यादा ओलांडू नये, असा निर्बंध आहे. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सिरियाकडे निघालेल्या सैन्याला स्त्रिया, बालके व वृद्ध यांना मारू नये, फळझाडे तोडू नयेत, मठांतील विरक्तांना त्रास देऊ नये, अशा सूचना दिल्याची नोंद आहे. मुंबईच्या रेल्वे स्थानकात गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांवर झालेल्या गोळीबाराला यांतील कोणत्या वचनाचा आधार मिळणार?

जैन आचारशास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार केले. संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा वर्ज्य आहे. स्वतःचे, आश्रितांचे वा देशाचे रक्षण करताना नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा मात्र गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही, असे शास्त्र मानते. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारे चामुंडराय हे गंग राजांचे सेनापती होते. मुळशीकरांना तर हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध येथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला, तेव्हा घर व जमीन वाचवण्याकरिता त्यांनी प्रहार स्वतःच्या अंगावर घेतले. पुढे १९२४ मध्ये सेनापती बापटांनी शस्त्र हाती घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. रक्षणाचा हक्क कोठे संपतो आणि आक्रमण कोठे सुरू होते, यावर त्या काळी याच खोऱ्यात वाद झाले.

मर्यादा लिहून ठेवली म्हणजे ती पाळली जाते, असे नाही. मध्ययुगातील अनेक इस्लामी विधिज्ञांनी जिहादचा अर्थ राज्यविस्तारापर्यंत नेला आणि सुलतानांनी तो सोयीने वापरला. आजच्या अतिरेकी संघटना त्याच जुन्या मतांचे तुकडे उचलतात. हे झाकून सद्भाव वाढत नाही. शिवाय जैन मुनी स्वतःच्या प्राणरक्षणासाठीही हात उगारत नाही आणि आपली अहिंसा सूक्ष्म जीवांपर्यंत जाते. हा भेद राहणारच, आणि तो राहण्याने शेजारधर्माला बाध येत नाही.

आचार्य विनोबा भावे यांनी अरबी शिकून मूळ कुराणाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि त्यातील निवडक वचनांचे 'कुराण-सार' सिद्ध केले. त्याच विनोबांच्या आग्रहावरून जैनांच्या सर्व संप्रदायांना मान्य असा एक ग्रंथ तयार झाला. त्यासाठी नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्लीत चारही संप्रदायांचे मुनी व विद्वान एकत्र बसले. तो ग्रंथ म्हणजे जिनेंद्र वर्णीजींनी संकलित केलेले 'समणसुत्तं'. विनोबा नसते तर हे काम आपल्याकडून कधी झाले असते, सांगता येत नाही.

अंतरीच्या संग्रामाचे मराठीतील उदाहरण मात्र याहून पुष्कळ जुने आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील श्रीगोंदे येथे सतराव्या शतकात शेख महंमद नावाचे संत होऊन गेले. जन्माने मुसलमान, गुरू चांद बोधले, भाषा शुद्ध मराठी ओवीची. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले त्यांना गुरुस्थानी मानत, असे परंपरा सांगते. त्यांनी १६४५ मध्ये जो मुख्य ग्रंथ पूर्ण केला त्याचे नाव 'योगसंग्राम'. दक्षिणेत सुलतानांच्या फौजा एकमेकींवर आणि मोगलांच्या फौजा सर्वांवर चालून जात होत्या, त्या धामधुमीत या मुसलमान संताने संग्राम हा शब्द उचलला आणि तो साधकाच्या विकारांविरुद्ध लावला. वारकऱ्यांनी त्यांना आपल्या संतमालिकेत घेतले. श्रीगोंद्यात त्यांचे स्थान आहे, तेथे आजही हिंदू आणि मुसलमान दोघेही माथा टेकतात. पौडहून पहाटे निघाल्यास दर्शन घेऊन रात्री घरी परतता येते.

जय जिनेंद्र.